रमाबाई रानडे आणि परिचारिकेचे मनोबल

दरवर्षी १२ मे रोजी, फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या जन्मदिनी, जागतिक परिचारिका दिन साजरा होतो. रुग्णालयांतून दिवे उजळले जातात, सेवाव्रताच्या शपथा घेतल्या जातात आणि व्यासपीठावरून परिचारिकेच्या सोशिकपणाचा मुक्त कंठाने गौरव होतो. समारंभ आटोपला की तीच परिचारिका रात्रपाळीला हजर होते. एका वॉर्डात किती रुग्णांची जबाबदारी तिच्यावर आहे, मध्यरात्री एखादा रुग्ण दगावल्यावर नातेवाइकांच्या संतापाला ती एकटी कशी तोंड देते आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच खाटांमधून ती कशाच्या बळावर फिरते, हे प्रश्न भाषणांत सहसा उपस्थित होत नाहीत. सोशिकपणा हा तिचा स्वभावच आहे असे एकदा गृहीत धरले की समाजाची आणि शासनाची पुष्कळशी जबाबदारी हलकी होते.

संकटाने न मोडता पुन्हा उभे राहण्याची मनाची शक्ती ही काही माणसांना जन्मतःच लाभते काय, की ती घडवावी लागते? घडवावी लागत असेल, तर ती कोणी आणि कशी घडवायची? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. महाराष्ट्रातील पांढरपेशा हिंदू घरांतील स्त्रियांसाठी परिचर्येच्या व्यवसायाची वाट ज्यांनी मोकळी केली, त्या रमाबाई रानडे यांच्या चरित्रातच ते सापडते. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांची पत्नी आणि ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या नितांतसुंदर पुस्तकाची लेखिका म्हणून त्या सर्वांना ठाऊक आहेत. २०१२ साली त्यांच्या जीवनावरील दूरचित्रवाणी मालिकेने त्यांचे बालपण घरोघरी पोहोचविले. परंतु १९१० साली प्रसिद्ध झालेले ते पुस्तक पतीच्या निधनापाशी, म्हणजे १९०१ मध्ये, थांबते. त्यानंतरची तेवीस वर्षे, ज्यांत त्यांनी स्वतःचे म्हणता येईल असे कार्य उभे केले, त्यांविषयी त्या पुस्तकात अक्षरही नाही. वाचकांच्या मनात म्हणूनच पतीच्या छायेत वावरणारी शालीन पत्नी तेवढी उरली आहे आणि संस्था उभारणारी कर्ती स्त्री काहीशी मागे पडली आहे.

सोसण्याची शाळा

सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे येथील कुर्लेकरांच्या घराण्यात रमाबाईंचा जन्म झाला. माहेरचे नाव यमुना. मुलींना अक्षरओळख करून देण्याची त्या घरात पद्धत नव्हती. १८७३ च्या डिसेंबरात, वयाच्या अकराव्या वर्षी, त्यांचा विवाह पुण्याचे सबजज्ज महादेवराव रानडे यांच्याशी झाला. महादेवरावांचे वय त्या वेळी एकतीस होते. त्यांची पहिली पत्नी नुकतीच वारली होती. विधवाविवाहाचा पुरस्कार करणारा हा सुधारक आता स्वतः विधवेशी विवाह करील अशी मित्रांची अपेक्षा होती, आणि तो तसे करील अशीच वडिलांना भीती होती. वडिलांच्या हट्टापुढे महादेवराव नमले. सुधारकांनी त्यांच्यावर टीकेची झोड उठविली. या सगळ्या वादळाचे कारण झालेली अकरा वर्षांची मुलगी मात्र त्यातले काहीच जाणत नव्हती.

सासरी निघताना वडिलांनी तिला जो उपदेश केला तो त्या काळच्या रीतीला धरूनच होता. मोठ्या कुटुंबात वावरताना कोणी काहीही बोलले तरी उलट उत्तर देऊ नये, घरातल्या कुरबुरी नवऱ्याच्या कानावर घालू नयेत, निमूटपणे सोसावे, असा त्याचा आशय होता. तो उपदेश तिने पाळला. त्याची किंमतही मोजली.

निरक्षर पत्नीला महादेवरावांनी लग्नानंतर लगोलग शिकवायला घेतले. दिवसभर घरकाम आणि रात्री दिव्याच्या उजेडात पाटी, असा क्रम सुरू झाला. मराठी वाचता येऊ लागले तोवर घरातील वडीलधाऱ्या बायकांनी नाके मुरडली तरी चालवून घेतले. इंग्रजीचा धडा सुरू झाल्यावर मात्र वातावरण बिघडले. पुढे पुण्यात मिस हरफर्ड ही इंग्रज शिक्षिका शिकवायला येऊ लागली, तेव्हा तिच्याजवळ बसल्याचा विटाळ मानून धडा संपल्यावर स्नान करण्याची सक्ती झाली. टोमणे, अबोला आणि स्वयंपाकघरात दूर ठेवणे ही शस्त्रे त्या काळच्या एकत्र कुटुंबात चांगलीच धारदार होती. १८८२ मध्ये पंडिता रमाबाई पुण्यास आल्या, आर्य महिला समाज स्थापन झाला आणि रमाबाई रानडे त्याच्या सभांना जाऊ लागल्या. घरातला रोष आणखी वाढला. १८८४ च्या जुलैत हिराबागेत मुलींच्या हायस्कुलासाठी सभा भरली. गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या समोर त्यांनी इंग्रजीतून निवेदन वाचले. त्याच वर्षी सप्टेंबरात हुजूरपागेची शाळा उघडली. बाहेर ज्या प्रसंगाचे कौतुक झाले, त्याच प्रसंगाबद्दल घरी त्यांना बोलणी खावी लागली.

या काळाचे वर्णन रमाबाईंनी कडवटपणा न आणता केले आहे. त्यामुळे वाचकाची फसगत होण्याचा संभव आहे. जिला कधी राग आला नाही, कधी रडू कोसळले नाही, अशी ही कोणी जन्मजात शांत स्त्री असावी असे वाटते. तसे नव्हते. त्यांनी अश्रू ढाळले, त्या हिरमुसल्या, अभ्यास सोडून द्यावा असेही त्यांना वाटून गेले. तरीही दुसऱ्या दिवशी पाटी पुन्हा हातात आली. असे का घडले, याचा विचार करताना दोन गोष्टी ठळकपणे दिसतात.

पहिली गोष्ट म्हणजे त्यांच्या पाठीशी एक माणूस ठामपणे उभा होता. महादेवरावांनी घरातील बायकांशी भांडण मांडले नाही, आणि त्यांचा हा मवाळपणा आजच्या वाचकाला खटकेल. खटकावाही. परंतु शिकवण्याचे काम त्यांनी एक दिवस सोडले नाही, आणि पत्नीची कुचंबणा आपल्याला कळते आहे हे त्यांनी तिला वेळोवेळी जाणवू दिले. दुसरी गोष्ट म्हणजे मन गुंतवायला तिच्या हाती रोजचे काम होते. १८८६ मध्ये वित्त समितीच्या कामासाठी रानडे कलकत्त्याला राहिले असतानाची हकीकत प्रसिद्ध आहे. दारी आलेले बंगाली वर्तमानपत्र रमाबाईंनी वाचता येत नाही म्हणून परत पाठविले. ज्या प्रांतात काही महिने राहायचे तिथली भाषा येऊ नये याची खंत रानड्यांना वाटली. त्यांनी बंगाली पुस्तके आणविली, अडलेले शब्द दाढी करायला येणाऱ्या न्हाव्यालाही विचारले आणि मग पत्नीला ती भाषा शिकविली. अज्ञान ही लाजेची बाब नसून कामाला लागण्याची खूण आहे, हा धडा त्यातून त्यांना मिळाला. अपमान गिळून बसणाऱ्याचे मन आतल्या आत कुजते. तेच मन कामाला जुंपले की अपमानाचा डंख हळूहळू बोथट होतो.

शास्त्राचा निर्वाळा

आधुनिक मानसशास्त्रानेही याच दिशेने कौल दिला आहे. एमी वर्नर या संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांसह हवाई बेटांपैकी काउआई येथे १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा जन्मापासून प्रौढपणापर्यंत मागोवा घेतला. दारिद्र्य, घरातील कलह, पालकांचे आजार अशा अनेक आपत्तींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एकतृतीयांश मुले धडधाकट मनाची, कर्तबगार माणसे झाली. त्यांच्या अंगी स्वभावाचे काही गुण होतेच. पण त्याचबरोबर, निदान एका वडील माणसाचा भरवशाचा आधार त्यांतील बहुतेकांना लाभला होता. आई-वडील नसतील तर आजी, मावशी, शेजारी किंवा शिक्षक, कोणीतरी होते. अंगावर जबाबदारीचे काम असणे, हाही त्यांना सावरणारा एक घटक ठरला.

याचा अर्थ मनाची उभारी हा गुण व्यक्तीत दिसत असला तरी त्याची मुळे व्यक्तीबाहेरच्या मातीतही रुजलेली असतात. माती काढून घेऊन रोपाच्या चिवटपणाची परीक्षा पाहणे हा न्याय नव्हे. रमाबाईंना हे कोणत्याही ग्रंथावाचून उमगले होते, याचा पुरावा त्यांच्या उत्तरायुष्यात मिळतो.

खाटेजवळची रात्र

रानडे यांना हृदयविकाराने ग्रासले, तेव्हा त्यांच्या शुश्रूषेचा भार रमाबाईंवर आला. १९०० च्या डिसेंबरात लाहोरला सामाजिक परिषदेसाठी जाण्याचा त्यांचा बेत होता. प्रकृतीमुळे तो रद्द करावा लागला. १६ जानेवारी १९०१ च्या रात्री मुंबईत त्यांचे निधन झाले. रोग्याजवळ जागून काढलेल्या त्या दिवसांची हकीकत आठवणींच्या अखेरच्या भागात आली आहे. कळा येत असताना चेहऱ्यावर भीती दिसू द्यायची नाही, वेळेवर औषध द्यायचे, डॉक्टरांना निरोप धाडायचा, घरातल्या इतरांना धीर द्यायचा, हे सर्व करणारी स्त्री त्याच वेळी आपल्या आयुष्याचा आधार निसटताना पाहत होती. परिचारिकेच्या मनोबलाची कसोटी यापेक्षा कठोर असू शकत नाही. फरक एवढाच की रमाबाईंवर ही वेळ एकदा आली. व्यवसाय म्हणून परिचर्या पत्करणाऱ्या स्त्रीवर परक्यांसाठी ती पुनःपुन्हा येते.

वैधव्य आल्यानंतर सुमारे वर्षभर रमाबाई पुण्यात जगापासून अलिप्त राहिल्या. एकोणचाळीस वर्षांच्या विधवेने उरलेले आयुष्य देवपूजेत आणि पतीच्या स्मरणात घालविले असते, तर लोकांनी तिला साध्वी म्हणून नमस्कारच केला असता. ती वाट सोपी होती. रमाबाई तिच्यावर थांबल्या नाहीत. तुरुंगातील स्त्री-कैद्यांना त्या भेटू लागल्या. रुग्णालयात जाऊन रोग्यांना फळे, फुले, पुस्तके देऊ लागल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेच्या पहिल्या अधिवेशनाच्या त्या अध्यक्षा झाल्या. १९०८ मध्ये बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदन काढले, त्याचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले. पुढच्याच वर्षी, १९०९ मध्ये, पुणे सेवासदनाची सुरुवात झाली. भारत सेवक समाजाचे गोपाळ कृष्ण देवधर यांची संघटनाशक्ती आणि रमाबाईंचा नैतिक अधिकार यांचा तिथे संयोग झाला.

विटाळाची भिंत

सेवासदनाने स्त्रियांना लिहायला-वाचायला शिकविले, शिवणकाम शिकविले, शिक्षिका तयार केल्या. या कामांना विरोध झाला तरी तो ओळखीचा होता. अण्णासाहेब कर्व्यांच्या अनाथ बालिकाश्रमाने १८९६ पासून तो पचविला होता. परंतु सेवासदनाने ससून रुग्णालयात स्त्रियांना परिचर्येचे शिक्षण देण्याची व्यवस्था हाती घेतली, तेव्हा विरोधाचे स्वरूप पालटले.

परिचर्या हे त्या काळी पांढरपेशा हिंदू घरातील स्त्रीच्या कल्पनेतही न बसणारे काम होते. रक्त, पू, मलमूत्र यांचा स्पर्श म्हणजे विटाळ. बाळंतपण करणाऱ्या सुइणी बहुधा ज्यांना हलके लेखले जाई अशा जातींतल्या असत. घरोघरी त्यांची गरज पडे, पण काम उरकताच त्यांना उंबऱ्याबाहेर थांबावे लागे. रुग्णालयातील परिचारिका बहुतांशी युरोपियन, अँग्लो-इंडियन किंवा भारतीय ख्रिस्ती होत्या. मुंबईच्या कामा रुग्णालयात १८९१ साली शिक्षणासाठी दाखल झालेल्या बाई काशीबाई गणपत यांचे नाव परिचर्येच्या इतिहासात आवर्जून नोंदले जाते, ते ही घटना किती विरळा होती म्हणूनच. त्यात परक्या पुरुषांच्या खाटांजवळ जाणे, रात्रपाळी करणे, घराबाहेर राहणे. शिवाय १८९७ च्या प्लेगची आठवण पुण्यात ताजी होती. रुग्णालय म्हणजे माणूस जिथून परत येत नाही ती जागा, अशी सर्वसामान्यांची समजूत झाली होती.

हे लक्षात घेताना एका गोष्टीचे भान ठेवणे अगत्याचे आहे. त्याच पुण्याच्या परिसरात, त्याच प्लेगात, सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची शुश्रूषा करीत १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला होता. शतकानुशतके सुइणींनी हे काम केले होते. म्हणजे सेवा नवी नव्हती. नवीन होते ते एवढेच की ज्या वर्गाने ही सेवा घ्यायची आणि सेवा करणारीला दूर ठेवायचे अशी रीत पाडली होती, त्याच वर्गातील मुली आता हाताला विटाळ लावून घेण्यास पुढे येणार होत्या. या अर्थाने रमाबाईंचे कार्य परिचर्येइतकेच त्या वर्गाच्या मनावरही उपचार करणारे होते.

त्यांनी हे कसे साधले? त्यांची राहणी जुन्या वळणाची होती, धर्मावर श्रद्धा होती, बोलणे मऊ होते. सुधारकाचा आवेश घेऊन आलेल्या माणसाला ज्या घराचे दार बंद झाले असते, ते दार रानड्यांच्या पत्नीसाठी उघडत असे. सासरच्या माजघरात पंचवीस वर्षे वावरलेल्या या बाईला जुन्या मनाची प्रत्येक गाठ ठाऊक होती. कोणत्या आजीबाईंना कोणत्या शब्दाने राग येईल आणि कोणत्या शब्दाने पाझर फुटेल, हे त्यांना कोणी शिकवावे लागत नव्हते. ज्या छळाने त्यांची तारुण्याची वर्षे करपली, त्यातूनच ही जाण आली होती.

आधाराची उभारणी

पण रमाबाईंच्या कार्याचे खरे मर्म याच्याही पुढे आहे. ज्या माणसाने स्वतः पुष्कळ सोसलेले असते, तो बहुधा दोहोंपैकी एका वाटेने जातो. आपण सोसले, आता इतरांनीही सोसावे, असे एक जण म्हणतो. सुनेचा छळ करणाऱ्या सासवा याच वाटेने तयार होतात. दुसरा म्हणतो की आपल्याला जे एकट्याने सोसावे लागले ते दुसऱ्याला तसे सोसावे लागू नये. रमाबाई दुसऱ्या वाटेने गेल्या. वडिलांनी त्यांना निमूटपणे सोसण्याचा उपदेश केला होता. सेवासदनात आलेल्या तरुण विधवेला नुसता तेवढाच उपदेश देऊन त्यांनी रुग्णालयाच्या दारात सोडले नाही.

शिकाऊ परिचारिकांसाठी सेवासदनाने स्वतंत्र वसतिगृह चालविले. वैद्यकीय शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थिनींसाठी वेगळे वसतिगृह होते. आज वसतिगृह म्हटले की खोल्या आणि खाटा एवढेच डोळ्यांपुढे येते. त्या काळी त्याचा अर्थ फार मोठा होता. दिवसभर वॉर्डात राबून आलेल्या मुलीला परतायला एक घर होते. तिच्या कामाकडे घृणेने न पाहणाऱ्या, तेच काम करणाऱ्या मैत्रिणी तिथे होत्या. तिच्या चारित्र्याविषयी कोणी शंका काढली तर उत्तर द्यायला एक प्रतिष्ठित संस्था होती. माजघरातल्या अबोल्यात रमाबाईंच्या वाट्याला एका माणसाचा आधार आला होता. सेवासदनातील मुलींसाठी त्यांनी त्या आधाराची रीतसर व्यवस्थाच उभी केली. मनाची उभारी हा गुण संस्थेच्या भिंतींत कसा बांधता येतो, याचे मराठी मुलखातील हे एक फार चांगले उदाहरण मानले पाहिजे.

परिणाम लगेच दिसले नाहीत. सुरुवातीला पुढे आलेल्या स्त्रिया थोड्या होत्या. समाजाची कुजबुज चालूच होती. पण पगार मिळविणारी, पांढऱ्या लुगड्यात ताठ मानेने रुग्णालयात जाणारी विधवा हे दृश्य जसजसे डोळ्यांना सवयीचे झाले, तसतशी भीती ओसरू लागली. घरात ओझे मानली गेलेली मुलगी भावाच्या शिक्षणाला हातभार लावू लागली की जुन्या माणसांचीही भाषा बदलते, हा व्यवहार आहे. १९१५ मध्ये पुणे सेवासदनाची रीतसर संस्था म्हणून नोंदणी झाली. १९२४ साली रमाबाईंचे निधन झाले, त्या वेळी संस्थेच्या विविध शाखांत एक हजाराहून अधिक स्त्रिया शिक्षण घेत होत्या.

सोसणे आणि शरण जाणे

रमाबाईंच्या चरित्रावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, आणि तो दुर्लक्षिण्याजोगा नाही. अन्याय मुकाट्याने सोसणाऱ्या स्त्रीचा आदर्श पुढे ठेवला तर अन्याय करणाऱ्यांचेच फावते, असे टीकाकार म्हणतात. पंडिता रमाबाईंनी बंड केले, सावित्रीबाईंनी शेणगोळे झेलून शाळा चालविली. त्यांच्या तुलनेत न्यायमूर्तींच्या पत्नीने फार मवाळ मार्ग पत्करला, हे खरेच आहे.

तथापि सोसणे आणि शरण जाणे यांत अंतर आहे. शरण गेलेला माणूस आपले काम सोडून देतो. सोसणारा काम चालू ठेवतो आणि बळ आले की बोलतो. रमाबाईंचे बोलणे उशिरा सुरू झाले, पण ते सुरू झाले तेव्हा त्यांना गप्प बसविणे कोणाला साधले नाही. पुण्यात सक्तीचे प्राथमिक शिक्षण मुलग्यांपुरतेच ठेवावे असा विचार बलवान असताना, मुलींनाही ते लागू झालेच पाहिजे यासाठी त्यांनी स्त्रियांची मोहीम संघटित केली. १९२१-२२ मध्ये मुंबई इलाख्यातील स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीत त्या अग्रभागी होत्या. अकराव्या वर्षी उलट उत्तर न देण्याची शिकवण घेऊन आलेली मुलगी साठाव्या वर्षी सरकारकडे हक्क मागत होती. मनाच्या उभारीचे हे दुसरे आणि अधिक महत्त्वाचे लक्षण होय. जी सहनशीलता माणसाला कायमची मुकी करते तिचा गौरव करण्याचे कारण नाही.

आजचा प्रश्न

रमाबाईंच्या निधनाला शंभर वर्षे उलटून गेली. परिचर्या आता मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. १९४७ च्या कायद्याने भारतीय परिचर्या परिषद स्थापन झाली, पदवी आणि पदव्युत्तर शिक्षणाची सोय झाली, पुरुषही या क्षेत्रात आले. विटाळाची भिंत बरीचशी ढासळली. ती समूळ नाहीशी झाली आहे असे मात्र म्हणता येत नाही. २०२० साली कोविडची साथ आली, तेव्हा एकीकडे लोकांनी गच्चीत उभे राहून थाळ्या वाजविल्या आणि दुसरीकडे परिचारिकांना भाड्याच्या खोल्या सोडण्यास सांगितल्याच्या बातम्या देशाच्या अनेक भागांतून आल्या. ज्या हातांनी रोग्याला पाणी पाजले तेच हात घरमालकाला नकोसे झाले. १९०९ सालच्या पुण्याला ही मनोवृत्ती अनोळखी वाटली नसती.

त्या साथीनंतर मनोबल, मानसिक लवचिकता हे शब्द रुग्णालयांच्या प्रशासनातही रूढ झाले आहेत. परिचारिकांसाठी व्याख्याने होतात, श्वसनाचे व्यायाम शिकविले जातात, सकारात्मक विचारांचे धडे दिले जातात. त्यांचा उपयोग नाही असे नाही. पण वॉर्डात रुग्ण वाढत जायचे, रिक्त जागा वर्षानुवर्षे भरायच्या नाहीत, कंत्राटी नेमणुकीची टांगती तलवार ठेवायची, रात्रपाळीनंतर परतायला सुरक्षित वाहन द्यायचे नाही आणि थकलेल्या परिचारिकेला मन खंबीर करण्याचा सल्ला द्यायचा, ही फसवणूक आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये कामाच्या ताणातून येणाऱ्या मानसिक थकव्याची दखल घेताना तो नोकरीच्या परिस्थितीशी निगडित असल्याचे स्पष्ट केले आणि त्याला आजारांच्या वर्गात घातले नाही. व्यक्तीच्या स्वभावात दोष शोधण्यापूर्वी कामाची रीत तपासावी, हाच त्याचा इत्यर्थ.

परिचारिकेच्या अंगी मनोबल हवेच. ते नसेल तर वेदनेने तळमळणाऱ्या माणसाजवळ ती उभी राहू शकणार नाही. मृत्यू पाहिल्यावर दुसऱ्या रोग्याकडे हसून वळणे, शिवी ऐकून घेऊनही सुई अचूक टोचणे, स्वतःचे दुःख दाराबाहेर ठेवून आत येणे, हे येरागबाळ्याचे काम नाही. पण हे बळ रोज खर्च होते आणि म्हणून रोज भरून यावे लागते. ते भरून येते झोपेने, सुटीने, पुरेशा वेतनाने, सहकारिणीच्या दोन शब्दांनी आणि चूक झाली तर न झिडकारता समजावून सांगणाऱ्या ज्येष्ठ सिस्टरच्या आधाराने.

पुणे सेवासदन ही संस्था आजही शिक्षणाचे कार्य करीत आहे. रमाबाईंच्या शताब्दीनिमित्त १९६२ साली भारत सरकारने टपाल तिकीट काढून त्यांचा सन्मान केला. असे सन्मान योग्यच आहेत. परंतु त्यांचे खरे स्मारक करायचे असेल तर ते प्रत्येक जिल्हा रुग्णालयाच्या आवारात करता येण्याजोगे आहे. परिचारिकांसाठी स्वच्छ वसतिगृह, गरम जेवण, पुरेशी माणसे आणि ऐकून घेणारा एक जबाबदार अधिकारी, एवढ्या चार गोष्टी तिथे असल्या म्हणजे पुरे. या चार गोष्टी पुरविल्यावर परिचारिकेकडे धैर्याची मागणी करण्याचा अधिकार समाजाला खुशाल असावा. त्या पुरविल्याशिवाय १२ मे रोजी लावलेल्या दिव्यांचा उजेड रात्रपाळीच्या वॉर्डापर्यंत पोहोचणार नाही.